कोंडाबाईची जीभ

कोंडाबाईच्या जिभेला काहीतरी झालंय हे दत्तरावांना तिच्या तोंडात बघून कळलं नाही. ती कमी बोलायला लागली तेव्हा कळलं.

राणीसावरगावच्या माळावर शंभर-सव्वाशे मेंढ्यांमागं दोघं सत्तावीस वर्षं हिंडली. बोलायचं काम कोंडाबाईचं आणि ऐकायचं दत्तरावांचं, अशी वाटणी लग्नानंतर आठवड्याभरातच होऊन गेली होती. ती मेंढ्यांशी बोलायची, कुत्र्याशी बोलायची. ज्याच्या रानात खतासाठी कळप बसवायचा त्या शेतकऱ्याशी तर अशी बोलायची की तो दोन दिवसांच्या जागी चार दिवस मेंढ्या ठेवून घ्यायचा. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी बाईला थांबवून तिचं माहेर विचारायची, आणि पाच मिनिटांत दोघींचं कुठलं तरी नातं निघायचं. दत्तराव शे-दोनशे पावलं पुढं चालायचे. तिथपर्यंत तिचा आवाज आला की मागं सगळं ठीक आहे असं समजायचे आणि पुढं निघायचे.

त्या भाद्रपदात मागून आवाज येईना. दत्तराव दोनदा थांबले, वळून बघितलं. ती येत होती, काठी खांद्यावर, तोंड मिटलेलं.

"काय झालंय?"

"काय न्हाई."

"मग गप कामून हायस?"

"तुमीच म्हनता ना, गप बस म्हनून."

दत्तरावांनी असं सत्तावीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला बांधावर बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. मेंढीचे दात बघायची सवय असलेला माणूस, त्यांनी तिची हनुवटी तशीच धरली. जिभेच्या डाव्या कडेला हरभऱ्याहून थोडा मोठा चट्टा होता, मधे पांढरा आणि कडेला लाल. बोटानं दाबला तर कडक लागला. कोंडाबाई कळवळली.

"कवापासून हाय हे?"

"आखाडापासून. मिश्री लावताना झोंबायला लागलं."

"आन सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

हरिओम, त्यांचा मुलगा, दुसऱ्याच दिवशी दोघांना परभणीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी जिभेचा बारका तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी कागद आला. कागद वाचून डॉक्टरांनी आधी हरिओमला बाहेर बोलावलं, तेव्हाच दत्तरावांना समजायचं ते समजलं. संभाजीनगरला कॅन्सरच्या दवाखान्यात जा, उशीर करू नका, असं त्यांनी सांगितलं. योजनेचं कार्ड होतं, ते बरोबर घ्यायला सांगितलं.

हरिओमला मेंढ्या सोडून येता येईना. शिवाय त्याच्या बायकोला, अर्पिताला, पाचवा महिना होता. तेव्हा दत्तराव आणि कोंडाबाई दोघंच परभणीहून रेल्वेत बसले. गाडीत शेजारची बाई कोंडाबाईला म्हणाली, "दवाखान्यात जायलाव का?" कोंडाबाईनं नुसती मान हलवली. दत्तराव खिडकीकडं तोंड करून बसले.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण सांगायच्या निवांत. त्यांनी कागदावर जिभेचं चित्र काढलं.

"गाठ लहान आहे. गळ्यात उतरलेली नाही, हे चांगलं. आता दोन रस्ते आहेत. एक, ऑपरेशन करून जिभेचा हा भाग कापून काढायचा. बहुतेकांचं तेच करतो. जीभ थोडी आखूड होईल, बोलणं थोडं बदलेल, किती ते आत्ता सांगता येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे, तुम्हाला झोपेचं औषध देऊन हनुवटीच्या खालून जिभेत बारीक नळ्या घालायच्या. पाच दिवस नळ्या तिथंच राहतील. रोज दोनदा त्या नळ्यांतून किरण आत सोडायचे, अगदी गाठीच्या पोटात. पाच दिवसांनी नळ्या काढायच्या. जीभ राहील. पण तोंड महिना-दीड महिना सोलून निघेल, तेवढं सोसावं लागेल. तुमच्या गाठीला दोन्ही चालतील."

"जबान ऱ्हाती म्हनल्यावर इचार कशाचा?" दत्तराव म्हणाले. एवढं एका दमात ते क्वचितच बोलायचे.

कोंडाबाईनंही मान हलवली. चला, ठरलं, असं म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना किरणांची खोली बघून यायला सांगितलं. बघून ठेवलं की माणूस घाबरत नाही म्हणे.

खोली दाखवायला सुगत नावाचा माणूस होता. चाळिशीचा, कानाजवळ केस पिकलेले, मशीन चालवायचं काम त्याचं. यांचं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, "परभणीकडचे का?" तो येलदरीचा निघाला. बाप धरणावर मासे धरायचा. तो यांच्याशी घरच्यासारखं बोलायला लागला. खोलीत एक खाट होती, कमरेएवढी एक पेटी होती चाकांवरची, आणि दार इतकं जड की बंद करताना जमीन हलल्यासारखी वाटावी. किरण चालू असताना आत फक्त पेशंट, बाकी सगळे बाहेर, असं सुगतनं सांगितलं. बाहेर एक टीव्ही होता, त्यात खाट दिसत होती.

दारावर पिवळी पाटी होती. तिच्यावर काळ्या तीन पात्यांचा पंखा काढलेला आणि खाली दोन ओळी. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं. बाकावर एक म्हातारी बसली होती, तिच्या गालाला चार-पाच नळ्या आणि प्रत्येक नळीला बटणासारखी टोपी. कोंडाबाईनं तिला पाटीकडं बोट करून खुणेनं विचारलं. ती बायनाबाई. शाळेत खिचडी शिजवायची, वाचायला शिकलेली होती. गाल सुजलेला, तरी बोलली, "गरवार बायांनी आत यायचं न्हाई म्हने. पोटातल्याला बाधतंय."

दत्तराव तेव्हा सुगतशी बोलत होते. त्यांनी हे ऐकलंही आणि नाहीही.

परत डॉक्टरबाईंकडं आले. कोंडाबाई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कापा."

"काय?"

"जीभ कापा. नळ्या नकोत."

दत्तराव तिच्याकडं बघतच राहिले. डॉक्टरबाईंनी परत सगळं समजावलं, चित्र दाखवलं. कोंडाबाई ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, कापा. अखेर डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत विचार करा, कागदावर अंगठा उद्या.

दवाखान्याच्या आवारात मोकळ्या जागेत एक बाभळ होती. तिच्या सावलीत दोघं बसले. दत्तरावांना वाटलं, बाईला नळ्या टोचायची भीती वाटतेय. कोणालाही वाटेल. त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग उठून बाभळीचा एक काटा तोडला, धोतराला पुसला, जीभ बाहेर काढली आणि काटा तिच्यात खुपसला.

"अवो! काय करायलाव, येडं लागलं का?"

दत्तरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जीभ बाहेरच ठेवून ते म्हणाले, "काय होत न्हाई. बग."

"रगत यायलंय!"

"जरा यायलंय."

कोंडाबाईला हसू आलं. हसल्यावर जिभेची कड दाताला लागली, ती कळवळली, आणि कळवळताना परत हसली. पदरानं तिनं त्यांच्या ओठावरचं रक्त टिपलं. पण मत काही बदललं नाही.

"मला सुयांचं भ्या न्हाई."

"मग कशाचं?"

"कशाचं न्हाई. कापू द्या."

"तुजी जबान गेली तर..." दत्तरावांना राग आला. तिच्यावर राग यायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं तो कुठं ठेवावा हेही कळेना. ते उठून चहा आणायला गेले आणि चहा न घेताच परत आले.

ऊन वाढलं तसे दोघं आतल्या बाकावर जाऊन बसले. किरणांच्या खोलीपासून तो बाक लांब होता. थोड्या वेळानं एक तरुण बाई आली, कुणाची तरी नातेवाईक, सात-आठ महिन्यांची गरोदर. कंबरेला हात लावून ती कोंडाबाईच्या शेजारी टेकली.

कोंडाबाई ताडकन उठली. गडबडीनं पदर आवरला, कुणाला लागू नये म्हणून जसा आवरतात तसा, आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन उभी राहिली. त्या बाईला वाईट वाटलं असावं. तिनं दत्तरावांकडं बघितलं.

दत्तराव कोंडाबाईकडं बघत होते. ती जिथं उभी होती ते अंतर त्यांच्या ओळखीचं होतं. कळपात एखाद्या मेंढीला रोग लागला की तिला बाजूला काढतात आणि कुंपणाची वेगळी जाळी लावतात, ती बरोबर एवढ्या अंतरावर. वारा इकडून तिकडं असेल तर थोडी आणखी लांब. दत्तरावांनी जन्मभर ते केलं होतं. आता बायको स्वतःला तसंच बाजूला काढत होती.

ते तिच्याजवळ गेले. "कोंडे," ते म्हणाले, "ती काळ्या कानाची मेंढी हाय का तुज्या मनात?"

कोंडाबाईचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला आणि ती रडायला लागली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारात कोंडाबाईला एक मेंढी आवडली. अंगानं पांढरी, कान मात्र काळेभोर. दत्तराव म्हणाले होते, नको, कुठली कोण जाणे. कोंडाबाईनं बोलून बोलून ती घ्यायला लावली. दिसायला मेंढी धडधाकट होती. महिन्याभरात कळपातल्या गाभण मेंढ्या एकामागं एक गाभ टाकायला लागल्या. एकोणीस मेंढ्या गाभडल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि काळ्या कानाच्या मेंढीकडं बोट दाखवलं. त्याच पंधरवड्यात अर्पिताचं चौथ्या महिन्यात गेलं. ती जाळी झाडायची, मेलेली कोकरं तिनं उचलली होती. हा रोग माणसाला लागतो का, असं हरिओमनं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लागू शकतो. त्यानंच गेलं का? तर म्हणाले, असेल, नसेल, सांगता येत नाही. अर्पितानं औषधं घेतली, बरी झाली. घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. कोंडाबाईनं तर नाहीच नाही. एवढी बोलणारी बाई, पण त्यावर दोन वर्षांत एक शब्द नाही.

"मीच आनली होती ती," कोंडाबाई आता म्हणाली. एकेक शब्द तिला दुखत होता. "वरून चांगली दिसत होती. आन आत काय घिऊन आली? आता मला म्हनतेत, जिभेत किरन घाल आन घरी जा. मी बी वरून चांगलीच दिसन की. नुस्ती ती खोली बगून आले, तरी त्या गरवार बाईजवळ बसवंना. अर्पिताला आता कुठं पाचवा लागलाय. जीभ कापली तर कापली. कापलेल्या जिभेनं कुनाचं काय जात न्हाई."

"मग हे मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी अर्पिताला माहेरी लावून दिली असती. पोरीला वाटलं असतं, सासू पुना काय तरी घिऊन आली."

दत्तरावांनी तिचा हात धरला आणि सरळ सुगतकडं नेलं. सुगत डबा खात होता.

"भाऊ," दत्तराव म्हणाले, "माजी बायको घरी आली तर तिच्या जिभेत काय ऱ्हाईल? खरं सांगायचं. घरात सून गरवार हाय."

सुगतनं डबा झाकला. "काय बी ऱ्हात न्हाई, मामा. त्या पेटीत तारेच्या टोकाला तांदळाच्या दान्याएवढा तुकडा हाय. किरन त्याचे. मी बटन दाबलं की तो नळीतून जिभेत जातो, काय मिनटं थांबतो आन परत पेटीत येतो. कंदील घरातून बाहेर नेला की उजेड मागं ऱ्हातो का? तसंच. पाटी हाय ती कंदील आत असतो तवाची."

दत्तरावांना ते पटलं. त्यांनी कोंडाबाईकडं बघितलं.

"मेंढी इकनारा बी असंच गोड बोलला व्हता," कोंडाबाई म्हणाली.

सुगतला राग आला नाही, उलट तो हसला. "मग मेंढी कशी बगून घेता तुमी?"

"दात बगून. हात लावून."

"चला, दात बगा मग."

त्यानं कपाटातून हातात मावेल असं एक पिवळं यंत्र काढलं. किरण असले की हे वाजतं, म्हणाला. चालू केलं. यंत्र टक असं वाजलं. थोड्या वेळानं परत टक.

कोंडाबाई दोन पावलं मागं सरली. "वाजलं की!"

"हे एवढं कुठं बी वाजतंय, मावशी. मातीत, भिंतीत, समद्यात जरासं असतंच. तुमच्या माळावर बी वाजंल."

"माळावर तुमी गेला होता का?"

तेवढ्यात बायनाबाईची पाळी आली. ती आत गेली, जड दार लागलं, टीव्हीत ती खाटेवर पडलेली दिसली, आणि सात-आठ मिनिटांनी दार उघडून बाहेर आली. अंगावरची शाल सारखी करत तिनं विचारलं, "काय चाललंय?" सुगतनं सांगितलं. म्हातारीला मजा वाटली. ती बाकावर ऐसपैस बसली. "ये बाई, बग, आत्ताच भाजून आलेय."

मग कोंडाबाईनं जे केलं ते सुगत पुढं कित्येकांना सांगत असे. तिनं यंत्र स्वतःच्या हातात घेतलं. आधी भिंतीपाशी धरलं आणि सुगतला म्हणाली, घड्याळात एक मिनिट झालं की सांगा. कोकरं मोजावीत तशी बोटांच्या पेरांवर तिनं टकटक मोजली. भिंतीपाशी चौदा. मग बायनाबाईच्या गालापाशी एक मिनिट. तेरा. तिच्या तोंडाजवळ सोळा. परत भिंत, पंधरा. दाराच्या कडीपाशी चौदा.

"आता मामांना मोजा," सुगत म्हणाला.

दत्तरावांच्या तोंडाजवळ अकरा भरले.

"तुमचं लयच कमी," कोंडाबाई म्हणाली. "बोलतच न्हाईत ना."

बायनाबाई गाल धरून हसायला लागली. "अगं नको हसवू, नळ्या हलतेत!"

कोंडाबाई मात्र एवढ्यावर थांबली नाही. "पन हे यंत्र जितं हाय का मेलेलं?" तिनं विचारलं. तेव्हा सुगतनं कपाटातून एक बारकी चकती काढली, यंत्र तपासायची. यंत्र तिच्याजवळ नेल्याबरोबर असं तडतडलं की मोजायची सोयच राहिली नाही. कोंडाबाईनं चकती लांब करायला लावली, परत जवळ, परत लांब. मग पुन्हा जाऊन बायनाबाईचा गाल मोजला. तेरा.

यंत्र तिनं सुगतच्या हातात दिलं. मग दत्तरावांना म्हणाली, "नळ्या घालू द्या. पन अर्पिताला यातलं काय बी सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत," दत्तराव म्हणाले. पण संध्याकाळी हरिओमचा फोन आला, आई काय म्हणते असं त्यानं विचारलं, आणि दत्तरावांना खोटं बोलता येत नसल्यानं त्यांनी सगळं सांगून टाकलं.

दोन दिवसांनी नळ्या घातल्या. कोंडाबाई शुद्धीवर आली तेव्हा हनुवटीखाली सहा नळ्यांची टोकं होती, नाकात दुधाची नळी होती आणि जीभ सुजून तोंडभर झाली होती. बोलणं बंद. तिनं हात वर करून पंजा दोनदा उघडला-मिटला. कळप लांब असला, आवाज पोचत नसला की ती माळावर हाच हात करायची. त्याचा अर्थ, मी ठीक हाय, तुमी चला.

दत्तराव कुठं चालणार? ते खाटेजवळच बसले.

पहिल्यांदा किरणांच्या खोलीत नेलं तेव्हा दार लागताना ती घाबरली. टीव्हीत तिचे डोळे दिसत होते. सुगतनं दत्तरावांच्या पुढं माईक सरकवला. "बोला मामा. तिला आत ऐकू येतंय. तुमचा आवाज आला की ती घाबरून मान हालवायची न्हाई."

दत्तरावांनी माईक धरला. "मी हाय हितं," ते म्हणाले. मग आठ मिनिटं काही सुचलं नाही.

दार उघडल्यावर कोंडाबाईनं हातानं विचारलं, बस, एवढंच?

दुसऱ्या वेळेला त्यांनी तयारी करून ठेवली. हरिओमला फोन करून कळपाची सगळी खबर घेतली आणि माईकवर एकेक सांगितली. लंगड्या मेंढीला जुळं झालं. कुत्र्याच्या पायात काटा गेलता, काढला. भगवानरावानं आपल्या रानात मेंढ्या बसवायला सांगितल्यात, पण तुज्याबिगर ठरवायचं न्हाई म्हनाला. टीव्हीत कोंडाबाईनं बोटं तोंडाकडं नेली आणि कॅमेऱ्याकडं बोट केलं. तुमी जेवलाव का?

"जेवलो," दत्तराव म्हणाले.

तिनं बोट हलवलं. खोटं.

"मावशी, हालू नका!" सुगत ओरडला. मग माईकवर हात ठेवून दत्तरावांना म्हणाला, "जेवला न्हाईत ना? जावा, खाऊन या. न्हाईतर ही बाई नळ्यांसकट बाहेर येईल."

चौथ्या, पाचव्या वेळेपर्यंत कळपाची खबर संपली. दत्तराव मग जुनं बोलायला लागले. लग्नात तिच्या मामानं त्यांना पागोटं बांधताना ते डोळ्यांवर आलं होतं आणि पंगतीत कुणी काय वाढलं ते दिसलंच नव्हतं, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. हरिओम झाला तेव्हा ते माळावरून धावत आले होते आणि घराजवळ आल्यावर लोक हसतील म्हणून चालायला लागले होते, तेही सांगितलं. सुगत टीव्हीकडं बघत राहायचा आणि ऐकत नसल्यासारखं करायचा.

आठव्या वेळेला दत्तरावांनी माईक जवळ ओढला. मग म्हणाले, "मी पुडं चालतो ना मेंढ्यांच्या, तवा तुजं बोलनं मागून येतंय. मी त्याच्यावरच चालतो. रस्ता मी बगतच न्हाई. हे तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं."

टीव्हीत कोंडाबाई हलली नाही. पाणी तेवढं डोळ्यातून कानाकडं ओघळत होतं.

त्या पाच दिवसांत, दहा वेळांत मिळून दत्तराव जेवढं बोलले तेवढं आधीच्या सत्तावीस वर्षांत बोलले नव्हते. पुढं साडेचार वर्षांनी कोंडाबाई गेली. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं, जिभेला शेवटपर्यंत काही झालं नव्हतं. तेव्हा त्यांना एकाच गोष्टीचं बरं वाटलं, की सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. तिला परत उत्तर द्यायला साडेचार वर्षं मिळाली, आणि तिनं ती पुरेपूर वापरली.

पण ते पुढचं. पाचव्या दिवशी नळ्या काढल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात तोंड जास्त सोलेल, घाबरू नका. थंड दूध, मऊ भात, तिखट बंद. मिश्री जन्मात परत नाही. दर महिन्याला दाखवायला या.

गंगाखेडला हरिओम न्यायला आला होता. घराशी पोचले तेव्हा दिवस चांगला वर होता. दत्तराव अंगणात शिरले. चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कोंडाबाई मागं नाही. ती अंगणाच्या तोंडाशी थांबली होती, मेंढ्यांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी. भिंतीपाशी चौदा आणि गालापाशी तेरा हे तिनं स्वतः मोजलं होतं, तरी पाय उचलत नव्हते.

अर्पिता दारात आली. पोट आता चांगलं दिसत होतं. हात पिठाचे होते.

"या आत्या," ती म्हणाली. "का तिथंच थांबायचं ठरवलंय?"

कोंडाबाईनं हरिओमकडं बघितलं, मग दत्तरावांकडं. दत्तराव आभाळाकडं बघायला लागले.

"त्यांच्याकडं नका बगू. मला समदं कळलंय," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज चढला. "जीभ कापा म्हनलाव म्हने डॉक्टरला. मला इचारलं का? माज्यासाठी कापायची व्हती ना, मग मला इचारायचं तरी! मी हो म्हनले असते असं वाटलं का तुमाला? आन जीभ कापून आला असताव तर ह्या लेकराला गोष्टी कोन सांगनार व्हतं? मामा? मामा म्हनतील, एक राजा व्हता. आन गप बसतील!"

हरिओम तोंडावर हात ठेवून वळला. दत्तरावांना यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. पोरगी खरंच बोलत होती.

कोंडाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. जीभ सोललेली, हलवली की आग व्हायची. जन्मात पहिल्यांदा तिला समोरच्याचं सगळं बोलणं ऐकून घ्यावं लागत होतं. दत्तरावांना वाटलं, पोरीनं अजून थोडं बोलावं.

पण अर्पिता थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "ते पयलं गेलं, ते तुमच्या मेंढीनं गेलं, असं मी कवा म्हनले का?"

"न्हाई," कोंडाबाई म्हणाली. नळ्या काढल्यापासूनचा हा तिचा पहिला शब्द. जड आला, पण नीट आला.

"मग?"

नव्या जागेत शिरायला बिचकणाऱ्या मेंढीला मागून ढकलायचं नसतं, हे दत्तरावांना माहीत होतं. पुढं होऊन चालायचं आणि मागं बघायचं नाही. ते ओट्यापाशी गेले, पायताणं काढली आणि पाठ करून बसले. मग बांगड्या वाजल्या, लुगड्याचा आवाज आला, आणि कोंडाबाई त्यांना ओलांडून जाऊन अर्पिताच्या शेजारी ओट्यावर टेकली. दोघींचे गुडघे एकमेकांना लागले.

अर्पितानं पीठ पुसून आतून दुधाचा पेला आणला. "माठाजवळ ठिवलं व्हतं. थंड हाय, हळू प्या."

कोंडाबाईनं पेला घेतला. दुसरा हात तिनं अर्पिताच्या पोटावर ठेवला आणि काढलाच नाही. पेल्यातलं दूध कोमट झालं, तरी तो हात तिथंच होता.